लांडोर बंगल्यावर कोण उतरले?

मंडळी, आजचा धागा लांब आहे. सुरुवात केनियात होईल आणि शेवट आपल्या धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात. अंतर मोठे वाटले तरी वाट एकच आहे, म्हणून शेवटपर्यंत सोबत असू द्या.

सहलींच्या चित्रफितींत आफ्रिकेतील सफारी लॉजचे एक दृश्य हल्ली वारंवार दिसते. उघडी जीप धुरळा उडवीत येऊन थांबते. दारात हसतमुख माणसे उभी असतात. पाहुण्याच्या हाती आधी गार ओला टॉवेल येतो, मग फळांच्या रसाचा पेला. पाहुणा आजूबाजूला पाहत असतानाच त्याचे सामान दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावरून तंबूकडे निघालेले असते. तंबू म्हणायचा तो नावापुरता. आत लाकडी जमीन, पांढरी मच्छरदाणी, पितळी दिवा. रात्री जेवणाहून परतताना वाटेत सोबतीला भालेवाला पहारेकरी.

या चैनीवर माझा आक्षेप नाही. परवडते त्याने अवश्य जावे. माझे म्हणणे निराळे आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. जंगलातील मुक्कामाचा इतिहास आपण उतरलेल्या पाहुण्यांच्या नावांनी लिहीत आलो. तो लिहायचा तर सामान उचलणाऱ्यापासून आणि ज्याला दारातून परत फिरावे लागले त्याच्यापासून लिहायला हवा. या मापाने मोजले तर खानदेशातील सर्वांत महत्त्वाचा वनबंगला वाघांमुळे महत्त्वाचा ठरत नाही. तो ठरतो ३१ जुलै १९३७ या तारखेमुळे. त्या तारखेपर्यंत पोहोचायचे आहे.

आधी शब्द पाहू. ‘सफारी’ स्वाहिली भाषेतला, अर्थ प्रवास. मूळ अरबी ‘सफर’, आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत येऊन बसलेला. म्हणजे मराठी माणसाने ‘सफारीला जातो’ म्हणणे म्हणजे एकाच घरात दोन दारांनी शिरणे झाले. मूळ सफारीत जनावरे पाहण्याचा काही संबंध नव्हता. तो व्यापाऱ्यांचा तांडा असे. पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात त्सेत्से माशीमुळे बैल-घोडे टिकत नसत, त्यामुळे अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत हस्तिदंत येई तो माणसांच्या डोक्यावरून. सफारीतला पहिला माणूस हमाल आहे. बंदूकवाला पाहुणा पुष्कळ नंतर आला.

तो पाहुणा आला आगगाडीने. मोंबासाहून आत जाणारा युगांडा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० करारबद्ध मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांपैकी जवळपास २,५०० तिथेच मेले. त्सावोच्या पुलावर १८९८ साली दोन नरभक्षक सिंहांनी घातलेला धुमाकूळ आपण चित्रपटांतून पाहतो. सिंह मारणाऱ्या पॅटरसनचे नाव सर्वांना पाठ, सिंहांनी खाल्लेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव कोणाला सांगता येत नाही.

याच लोहमार्गावरून १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट शिकारीला गेले. अमेरिकेचे अध्यक्षपद नुकतेच सोडलेले. इंजिनाच्या पुढच्या बाजूस बाक लावून घेतले होते, तिथे बसून ते दोन्ही बाजूंची जनावरे पाहत गेले. मागे दोनशेहून अधिक हमालांचा तांडा. त्यांनी आणि त्यांचा मुलगा करमिट याने मिळून ५१२ जनावरे मारली. हा हिशेब त्यांनी स्वतःच्या पुस्तकात यादी करून दिला आहे. यादी नीटनेटकी आहे, फक्त ओझी कोणी वाहिली हे तिच्यात नाही.

आणि मग १९३२ साली केनियाच्या ॲबरडेअर पर्वतराजीत झाडावर बांधलेले ‘ट्रीटॉप्स’ आले. पाणवठ्यावर येणारी जनावरे रात्रभर वरून पाहायची, ही कल्पना. ५ फेब्रुवारी १९५२ ची रात्र राजकन्या एलिझाबेथने तिथे काढली. त्याच रात्रीत तिकडे लंडनला तिचे वडील वारले. सोबतीला होते आपल्या कुमाऊँचे जिम कॉर्बेट, जे १९४७ नंतर केनियात स्थायिक झाले होते. त्यांनी तिथल्या पाहुण्यांच्या नोंदवहीत लिहून ठेवले की झाडावर चढली ती राजकन्या होती आणि उतरली ती राणी. ही नोंद जगभर गाजली. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, माऊ माऊ बंडखोरांनी ते लॉज जाळले. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांना त्या झाडाविषयी वेगळे काही म्हणायचे होते, आणि त्यांच्यापुढे कोणी नोंदवही धरली नव्हती.

‘नोंदवही’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता तापीकाठी येऊ. आमचा शिंदखेडा तालुका आज उघडाबोडका दिसतो. कापूस, मिरची, काळी माती, उन्हाळ्यात कोरडी पडलेली बुराई. इथे वाघ होते असे सांगितले तर शाळेतली मुले हसतात. पण १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या हाती आलेला मुलूख निम्मा ओसाड होता. होळकर-शिंद्यांच्या झगड्यात फौजा याच वाटेने गेल्या-आल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, त्यामागून पेंढारी. गावे उठली, शेतांत झाडोरा माजला आणि वाघ गावकुसापर्यंत आला. जंगल आधी आणि माणूस नंतर, हा क्रम नेहमीच खरा नसतो; खानदेशात कित्येक ठिकाणी माणूस गेला म्हणून जंगल आले.

अशा मुलखात १८२५ साली जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा लष्करी अधिकारी आला. भिल्लांची पलटण उभारणे हे त्याचे काम. आधी चकमकी झाल्या, मग त्याने धोरण बदलले. पहारा न घेता एकटा त्यांच्या रानांत राहिला, नाईकांना ब्रँडी पाजली (हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे), त्यांच्यासोबत शिकारी केल्या. धरणगावला भिल्ल कोअर उभी राहिली. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी २३५ वाघ मारले; त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी तो जातीने हजर होता. पुढे तो सर झाला, सेनापती झाला, वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले.

इथे थोडे थांबतो, कारण आउट्रम म्हटले की आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही मित्र त्याच्या शिकारकथा तोंडाला पाणी सुटल्यासारख्या सांगतात. काही जण त्याला केवळ वाघांचा कर्दनकाळ ठरवून मोकळे होतात. ज्याच्या गोठ्यातला बैल वाघाने नेला त्या शेतकऱ्याला त्या काळी वाघ मेल्याचा आनंदच झाला असणार, आजच्या पर्यावरणप्रेमाने त्याचा न्याय करू नये. माझा प्रश्न दुसरा आहे. २३५ वाघांचा माग कोणी काढला? रान कोणी उठवले? हाका करणारा माणूस हातात काठी, डफ, फार तर भाला घेऊन झुडपांत पायी शिरतो आणि जखमी वाघ पहिल्यांदा भेटतो तो त्याला. एका साहेबाच्या नावावर जमा झालेला तो आकडा खरे पाहता शेकडो भिल्ल पावलांचा आहे. पुढे १८७८ चा वनकायदा आला आणि ज्यांच्या पावलांनी रान मोजले गेले त्यांनाच त्या रानात लाकूड तोडायला मनाई झाली. केनिया-टांझानियातल्या मसाईंचे झाले ते याहून फार वेगळे नाही. १९०४ आणि १९११ च्या करारांनी त्यांची कुरणे गेली, १९५९ साली सेरेंगेटीतून ते बाहेर पडले, आणि आता लॉजच्या दारात भाला घेऊन पाहुण्याचे स्वागत करतात.

शिकारीच्या मागोमाग बंगले आले. ‘बंगला’ हा शब्दच बंगालच्या उतरत्या छपराच्या घरावरून आलेला. इंग्रजांनी तो उचलला आणि जगभर नेला. सरकारी रस्त्यांवर डाक बंगले, पाटबंधाऱ्यांवर तपासणी बंगले, रानांत वनखात्याचे. रचना ठरलेली: भोवती ओसरी, उंच छत, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, बाजूला तबेला. एक खानसामा, एक चौकीदार. डाक बंगल्याचा नियमही ठरलेला: चोवीस तास राहून झाले आणि दुसरा प्रवासी आला तर पहिल्याने जागा सोडायची. आणि टेबलावर नोंदवही. कोण आला, कधी आला, कधी गेला, काय पैसे दिले, काय तक्रार.

त्या वहीत नाव येई ते उतरणाऱ्याचे. साहेबाचा दौरा निघाला की गावात काय घडे, ते वहीबाहेरचे. गाड्या धरल्या जात, दूध-कोंबड्या-सरपण गोळा होई, आणि वेठीला माणसे लावली जात. या वेठीचा सर्वांत पक्का बांधलेला धनी म्हणजे गावचा महार. १८७४ च्या वतन कायद्याने त्याची चाकरी सरकारदरबारी बांधली गेली होती. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने दिले तर बलुते. काम मात्र दिवस-रात्र: सारा पोहोचवा, सांगावा न्या, वाट दाखवा, साहेबाचे सामान पुढच्या मुक्कामी टाका. घरचा कर्ता आजारी असेल तर घरातले दुसरे माणूस. बंगल्याच्या ओसरीपर्यंत त्याचे पाऊल जाई, पण डोक्यावर ओझे असेल तेव्हाच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते या चाकरीविरुद्ध. वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

आता स्वतः बाबासाहेबांच्या प्रवासाकडे पाहा. हा भाग मी सावकाश सांगणार आहे.

१९१७. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला तरुण करारानुसार बडोदा सरकारच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला. शहरात उतरायला जागा नाही. हिंदू खानावळीत घेणार नाहीत, मित्रांच्या घरी अडचण. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या राखणदारापुढे प्रश्न उभा राहिला तो नोंदवहीचा: धर्मशाळा पारशांची, वहीत पारशीच नाव हवे. म्हणून त्यांनी पारशी नाव घेतले. कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीधराला रात्रीपुरते छत मिळावे म्हणून स्वतःचे नाव दाराबाहेर ठेवावे लागले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सोबतीत दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. कामाठी बागेत कित्येक तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. आपण या ठरावातले पाणी लक्षात ठेवतो, कारण पुढे महाड घडले. त्याच ओळीतली धर्मशाळा विसरतो. प्रवासात पाण्याइतकीच रात्रही कठीण असते.

१९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले. धुळे मार्गावरच्या एका गावातला बहिष्कार पाहून ते चाळीसगावी परतले. तिथल्या मंडळींनी रात्री राहण्याचा आग्रह केला होता. स्टेशनवर हार घातले गेले, टांगे समोर उभे होते, पण तासभर कोणी हलेना. मग एक टांगा आला. हाकणारा अगदीच नवखा. थोड्याच अंतरावर मोटारीची धडक चुकली. पुढे नदीवरच्या फरशीच्या वळणावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा खाली नदीत. पाय मोडला. नंतर कळले ते असे: अस्पृश्य प्रवासी बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यावे हे महारवाड्याला पटेना. तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला. हाकायला बसला तो महारवाड्यातलाच, ज्याने कधी लगाम धरला नव्हता. हे सारे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात लिहिले आहे. छोटेसे आहे, जरूर वाचा.

चाळीसगावचा तो टांगा हे माझ्या मते खानदेशातील ‘आगमना’चे सर्वांत खरे चित्र आहे. लॉजच्या दारातला गार टॉवेल त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

आणि मग आठ वर्षांनी ३१ जुलै १९३७. न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यात आलेले बाबासाहेब लळिंगच्या कुरणातील वनखात्याच्या लांडोर बंगल्यावर उतरले. तोवर ते विधानसभेवर निवडून आलेले, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते. जागा शिंदखेड्याहून तास-दीड तासाची: नरडाण्याला मुंबई–आग्रा महामार्ग लागतो, मग सोनगीर, धुळे ओलांडले की लळिंगचा किल्ला दिसतो. फारुकी घराण्याचे हे जुने ठाणे. किल्ल्याच्या परिसरात सरकारी गवताचे राखीव रान, म्हणजे कुरण. मोर-लांडोरी पुष्कळ, बंगल्याचे नाव त्यांच्यावरूनच. जुलैअखेरीस तिथे सगळे हिरवे असते आणि जवळचा धबधबा वाहता असतो.

ज्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या साहेबाचे सामान बंगल्यापर्यंत वाहिले, त्या जातीतला माणूस त्या प्रकारच्या बंगल्याच्या पुढच्या दाराने, स्वतःच्या नावाने आत गेला. बडोद्याच्या नोंदवहीतल्या पारशी नावानंतर वीस वर्षांनी. ट्रीटॉप्सवरून एक मुलगी राणी होऊन उतरली ही गोष्ट सुंदर आहे यात वाद नाही. पण तिला मुकुट रक्ताने मिळाला, त्या रात्री ती झोपली असती तरी मिळालाच असता.

माझी शाळेची सहल लांडोर बंगल्यावर गेली होती. गुरुजींनी मोर दाखवले, धबधब्यात उतरू नका म्हणून बजावले, इथे इंग्रज साहेब शिकारीला यायचे असे सांगितले. बाबासाहेबांचे नाव कोणी काढले नाही. ते मला पुढे कळले महामार्गावरच्या रहदारीतून, ३१ जुलैला अडकलेल्या एस.टी.त बसून. इतकी माणसे कुठे निघाली आहेत, असे शेजारच्या आजोबांना विचारले. ते म्हणाले, “भीमस्मृती यात्रा. बाबासाहेब राहिले होते ना इथे.” मी तेव्हा बारावीत होतो आणि स्वतःला इतिहासाचा अभ्यासू समजत होतो.

तेव्हापासून एक गोष्ट खटकते. या यात्रेकडे आपले इतिहासप्रेमी ‘एका समाजाचा कार्यक्रम’ म्हणून पाहतात आणि किल्ल्याकडे ‘आपला वारसा’ म्हणून. एकाच डोंगराखालची दोन स्थळे, पण गटांच्या भटकंतीच्या आराखड्यात किल्ला असतो, बंगला नसतो. हे माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासातले दुर्लक्ष आहे, आणि त्यात मीही होतो. मलिक राजाने लळिंग कोणत्या मुलाला दिले हे पाठ असणाऱ्याला १९३७ ची तारीख माहीत नसावी, याला अभ्यास म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप मित्रांकडून येतो. म्हणतात, एक मुक्काम तो काय, इतका मोठा करावा? त्यांना मी चाळीसगावची फरशी दाखवतो. मुक्काम ज्याला सहज मिळतो त्याला तो लहानच वाटणार.

म्हणून काही मागणे आहे. वनखात्याच्या आणि बांधकाम खात्याच्या जुन्या विश्रामगृहांत जिथे जिथे जुन्या नोंदवह्या कपाटांत वाळवीची वाट पाहत पडल्या असतील, तिथे त्यांची छायाचित्रे काढून ठेवायला हवीत. तुमच्या तालुक्यात असे विश्रामगृह असेल तर रीतसर अर्ज करून विचारा. त्याहून निकडीचे म्हणजे वहीबाहेरच्या आठवणी. वेठीला गेलेल्यांची नातवंडे, हाक्याला गेलेल्या भिल्लांची नातवंडे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आजोबांनी काय सांगितले होते, कुठल्या साहेबाचे सामान कुठून कुठे नेले होते, किती पैसे मिळाले की मिळालेच नाहीत, हे त्यांच्याकडून अहिराणीत, भिलीत, जसे येईल तसे ध्वनिमुद्रित करा. शुद्ध मराठी करायला जाऊ नका.

आणि केनियाला जाणार असाल तर जरूर जा. तंबूपर्यंत सामान घेऊन येणाऱ्याला त्याचे नाव विचारा, त्याचे गाव विचारा, आणि ते गाव पूर्वी कुठे होते हेही विचारा.

धागा इथे थांबवतो. येत्या ३१ जुलैला मी नरडाण्याहून सकाळच्या गाडीने लळिंगला जाणार आहे. किल्लाही करू, पण आधी बंगला. पाऊस असतो, पायात धरणारे बूट घाला आणि यात्रेतल्या पुस्तकांच्या दुकानांसाठी पिशवी रिकामी ठेवा.